पिंपळाची मुंज

आमच्या घरी झाडं वाचवायचं काम सुरू झालं तेव्हा आमच्या अंगणात एकही झाड नव्हतं. अंगण म्हणजे तरी काय, न्हाणीपासून दारापर्यंतची फरशी. एक तुळस होती. तिला आई पाणी घालायची आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, तिच्यावर पंचा वाळत टाकायचे. घर तांबटांच्या वस्तीला लागून होतं. उजाडायच्या आत हंड्याघागरींवर ठोके पडायला लागत ते दिवेलागणीपर्यंत, त्यामुळे आमच्याकडे हळू कोणी बोलायचंच नाही. मीठ वाढ म्हणायचं तरी ओरडून. लग्न होऊन मी सासरी गेले तेव्हा सासूबाईंना पहिले काही महिने वाटायचं की ही कायम रागावलेली असते. खरं म्हणजे मी रागावलेली असायचेही, पण तो भाग निराळा.

अण्णा वकील होते, पण ही गोष्ट पक्षकारांना फारशी माहीत नव्हती. कोर्टात जायचे, बाररूममध्ये वर्तमानपत्र वाचायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन त्यातलं जग आम्हाला समजावून सांगायचे. दिवस चळवळीचे होते. आमच्या गल्लीतली तीनचार माणसं तुरुंगात जाऊन आली होती आणि बायका त्यांना ओवाळत होत्या. अण्णांनाही देशासाठी काहीतरी करायचं होतं, पण त्यांना भाकरी पचत नसे आणि तुरुंगात भाताची सोय नसते असं कोणीतरी सांगितलं होतं. मग त्यांना झाडं सापडली. "सरकारी जंगलखात्यावर विसंबून राहिलो तर नाशकात दात कोरायला काडी उरणार नाही," ते म्हणाले. "हे काम लोकांनी स्वतः केलं पाहिजे. सरकारच्या बाहेर राहून, पदरमोड करून." हे म्हणणं खरं होतं. मला ते आजही शंभर टक्के खरं वाटतं, आणि इतक्या वर्षांनीसुद्धा माझं डोकं फिरतं ते त्याचमुळे. खोटं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

'गोदातीर वनश्री संरक्षक मंडळी' असं नाव ठरलं. अध्यक्ष रावसाहेब, पेन्शनीत निघालेले मामलेदार. आयुष्यभर लोकांना उभं ठेवून त्यांना आता कंटाळा आला होता म्हणून ते बसून राहायचं काम शोधत होते. चिटणीस अर्थात अण्णा. आणि उपाध्यक्ष धनराजशेट. धनराजशेटांची लाकडाची वखार होती. घोटीच्या बाजूच्या डोंगरातलं लाकूड गाड्याच्या गाड्या भरून तिथे येऊन पडायचं. माणूस स्वभावाने फार गोड. सभेला यायचे ते हातात मिठाईचा पुडा घेऊन, आणि माझ्या आईला "वहिनी, तुमच्या हातच्या भज्यांसाठी मी सभासद झालो" असं सगळ्यांदेखत सांगायचे. झाडांची माहिती शेटजींइतकी नाशकात कोणाला नाही, असं रावसाहेब म्हणाले. भजी घेऊन आलेल्या आईने दारातूनच विचारलं, "उभ्या झाडांची की आडव्या?" अण्णांनी खोकून तो विषय मिटवला.

सभा दर रविवारी आमच्या माडीवर. तांबटांना रविवार नसे, म्हणून ठरावसुद्धा ओरडून मांडावे लागत. खाली मी आणि आई शेगडीपाशी. कांद्याची भजी, कच्चा कांदा आणि शेंगदाणे घातलेले चुरमुरे, वर लिंबू, मग बशीबशीने चहा. मंडळाने त्या वर्षात किती झाडं वाचवली ते मला सांगता येणार नाही, पण मंडळासाठी किती कोळसा जळला ते आईला चांगलं ठाऊक होतं. वरून आवाज यायचे. "वनश्री ही राष्ट्राची शोभा आहे." टाळ्या. "आणखी एक घाणा येऊ द्या." मी तेव्हा हायस्कुलात जायचे, निबंधाला ही वाक्यं फार उपयोगी पडायची. बाईंनी एकदा वर्गात माझा निबंध वाचून दाखवला आणि विचारलं की तू स्वतः एखादं झाड लावलंयस का. मी म्हटलं, आमच्याकडे रक्षण करतात, लावत नाहीत.

या सगळ्यात हिराबाई आली. आली म्हणजे ती रोजच यायची. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, गावाच्या वरच्या अंगाला तिचा फुलांचा मळा होता; झेंडू, मोगरा, थंडीत शेवंती. नवरा वारलेला, मुलगी सायखेड्याला दिलेली, मळा ती एकटी बघायची. देवळांची फुलं पोचवून परतताना आमच्याकडे पुडी टाकायची आणि पायरीवर बसून चहा प्यायची. बाई मोठी खट. ताजी फुलं देवाला आणि कालची आम्हाला, आईने कुरकुर केली तर म्हणायची, "वैनी, तुमचा देव घरातलाच हाय, त्याला काय कळतंय." दोघींचं रोज भांडण व्हायचं आणि एखाद्या दिवशी हिराबाई आली नाही तर आईला करमायचं नाही.

त्या दिवशी ती चहाला बसलीच नाही. उभ्यानेच म्हणाली, "वैनी, वकीलसायेब हायेत का? तेंच्या झाडाच्या मंडळाकडं काम हाय." तिच्या मळ्याच्या कडेला, अगदी पाण्याच्या तोंडाशी, करंजाची जुनी झाडं होती. जमीन सरकारी पड, झाडंही सरकारी. ती लिलावात कोणीतरी घेतली होती आणि त्याच्या माणसांनी येऊन बुंध्यांवर चुन्याचे पट्टे ओढले होते. "त्या मुळ्यांनी माझी दरड धरून ठेवलीय," हिराबाई म्हणाली. "करंजं गेली का पयल्या पुराला माझा मळा गंगंत जाणार. लय झाडं वाचवताय म्हणं तुमी. मला वाचवा." आवाज ऐकून बाहेर आलेल्या अण्णांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याबद्दल माया वाटली. मंडळाकडे आलेलं ते पहिलं गाऱ्हाणं होतं. त्यांनी हिराबाईला खुर्चीवर बसा म्हटलं. ती बसली नाही, पण आईने तिला त्या दिवशी चहाबरोबर लाडू दिला.

पुढच्या रविवारी ठराव झाला: करंजांचे रक्षण करावे. धनराजशेटांनी अनुमोदन दिलं. कलेक्टर साहेबाकडे अर्ज गेला, त्याचं उत्तर आलं की विचार चालू आहे. मग मंडळी पाहणीला निघाली. दोन टांगे, बरोबर आईच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि वाढायला मी. करंजांखाली सतरंजी टाकली. इतकी गार सावली होती की रावसाहेबांना जेवण झाल्यावर तिथेच झोप लागली. उठल्यावर त्यांनी मान वर करून झाडांकडे बघितलं आणि म्हणाले, "उपयोगाची आहेत. पण करंज म्हणजे शेवटी दिव्याचं तेल. याच्यात भव्यता नाही. लोकांच्या मनाला भिडेल असं झाड हवं." सगळ्यांनी माना डोलावल्या. वर रस्त्याच्या कडेला एक चांगला वाढलेला पिंपळ होता. त्याला कोणी चुना लावला नव्हता की कोणाचा त्याच्यावर डोळा नव्हता. पण तो भव्य होता. सगळे जण तिकडे बघायला लागले. हिराबाई म्हणाली, "सायेब, तो माझ्या मळ्यात न्हाई." रावसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही थोडा व्यापक विचार करा."

घरी आल्यावर अण्णा अस्वस्थ होते. अर्ज झाला, पाहणी झाली, आता पुढे काय? आई ताटं घेत होती. ती म्हणाली, "एवढा तो पिंपळ आवडलाय तर त्याची मुंज लावा. मुंज झालेल्या पिंपळाच्या आसपास कुऱ्हाड घेऊन जायची कोणाची छाती आहे?" आता पिंपळाची मुंज लावतात हे खरं आहे, जुनी माणसं लावायची, आणि त्यानंतर त्या झाडाला ब्राह्मणासारखं मानायची. पण आईने ते अण्णांना टोचण्यासाठी म्हटलं होतं. अण्णांचा घास हातातच राहिला. ते न जेवता उठले आणि रावसाहेबांकडे गेले. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्या जिभेला काही हाड?"

अण्णा आणि रावसाहेब दोघेही सुधारक होते. श्राद्ध करत नसत, निदान सांगत तरी नसत. तरीही मुंज मंजूर झाली, कारण ती धार्मिक म्हणून करायची नव्हती, लोकजागृती म्हणून करायची होती. पिंपळ पवित्र झाला की सगळी जागा पवित्र झाली, म्हणजे करंजंही आपोआप वाचली, असा त्यातला हिशेब. हिराबाईला मी तो समजावून सांगितला. ती म्हणाली, "मग करंजाचीच लावा की." मी म्हटलं, करंजाची लावत नाहीत. "का? ते कोनच्या जातीचं हाय?"

वैशाखातला मुहूर्त निघाला. आदल्या दिवशी मंडळाची मुंजीआधीची शेवटची सभा आमच्या माडीवर भरली. ती सभा माझ्या जन्मात मी विसरणार नाही. पहिला विषय: पिंपळाचं गोत्र काय? गुरुजी म्हणाले कश्यप धरा, गोत्र माहीत नसलेल्यांना तेच लावतात. रावसाहेबांचं स्वतःचं गोत्र कश्यप होतं, त्यांना ते आवडलं नाही. दुसरा विषय: क्षौर. मुंजीत बटूचे केस काढतात, म्हणजे पिंपळाच्या फांद्या छाटायच्या का? झाडं वाचवणाऱ्या मंडळाने फांदी छाटणं योग्य दिसेल का? दीड तास वाद झाला आणि एकच पान, तेही पिकलेलं, उपाध्यक्षांच्या हस्ते तोडावं असं एकमताने ठरलं. तिसरा विषय: मातृभोजनाला पिंपळाची आई म्हणून कोण बसणार? रावसाहेबांच्या बायकोने साफ नकार दिला होता. "चिटणीसांच्या सौभाग्यवती बसतील," असा ठराव माझ्या आईला न विचारता झाला. ती खाली तळत होती.

तेवढ्यात हिराबाई धापा टाकत दारात. टोपली नाही, चपला नाहीत. "तोडायला लागलेत. दुपारपासनं. दोन आडवी झाली. वकीलसायबांना म्हणावं आत्ता चला, तेंच्या तोंडाकडं बघून तरी थांबतील." मी धावत माडीवर गेले आणि जशी ऐकली तशी गोष्ट ओरडून सांगितली, ठोक्यांच्या वरचा आवाज मला होताच. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अण्णा अर्धवट उठले. रावसाहेबांनी हात वर केला. "विषयपत्रिकेत नसलेला विषय आहे. ऐनवेळच्या विषयांत घेऊ. शेवटी." अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ते खाली बसले. धनराजशेट म्हणाले, "पोरी, त्या बाईला सांग, मंडळ आहे, काळजी करू नको." मग जेवणावळीचा विषय निघाला. लाकडांची देणगी शेटजींकडून होती, त्यांचे आभार मानले गेले. खाली हिराबाई पायरीवर बसून होती. आईने कढई उतरवली आणि ती तिच्याजवळ जाऊन बसली. ऐनवेळचे विषय येईपर्यंत दिवे लागले होते, अध्यक्षांना घरी जायचं होतं, सभा तहकूब झाली. हिराबाई केव्हाच उठून गेली होती.

दुसऱ्या दिवशी पिंपळाखाली मांडव. आंब्याचे टहाळे, केळीचे खांब, सनईवाला, आणि पिंपळाला नेसवलेली लंगोटी. हसू नका, खरंच नेसवली होती. बुंधा मोठा म्हणून दोन धोतरं जोडावी लागली. गावातली बघायला आलेली गर्दी. मांडवामागे आचाऱ्यांच्या चुली आणि चुलींचा असा धूर की समोरचं माणूस दिसेना. मंगलाष्टकं म्हणताना गुरुजींना ठसका लागला. रावसाहेबांचं भाषण झालं, त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं आणि मागच्या रांगेतल्या बायका म्हणत होत्या, केवढी कळकळ आहे बघा झाडांची. मग आई मातृभोजनाला पाटावर बसली. समोर केळीचं पान, पलीकडे मुलगा. तिने पुरणपोळीचा तुकडा पिंपळाच्या मुळाशी ठेवला, एक घास स्वतः घेतला, आणि नाक वर करून हुंगलं. चुलीपाशी जन्म गेलेली बाई. "लाकूड ओलं आहे," ती म्हणाली. "वखारीतलं नाही हे."

ती पाटावरून उठली. मातृभोजनातून आई उठते का कधी? गुरुजी अहो अहो करत राहिले. आम्ही दोघी मांडवामागे गेलो. चुलीशेजारी ढीग होता, हिरवा, काही फांद्यांना करंजाच्या चपट्या शेंगा तशाच. आचारी वैतागलेला. "शेटजींच्या माणसांनी हितनंच तोडून दिलं," तो म्हणाला. "म्हनले, वखारीतनं आणायचा खटाटोप कशाला." आईने मुंजीसाठी भरून ठेवलेली घागर उचलली आणि भाताच्या चुलीत ओतली. मग वरणाच्या. सूं करून आवाज झाला आणि सनई थांबली.

धनराजशेट लगबगीने आले. त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "वहिनी, ती झाडं लिलावात मीच घेतली होती. आज ना उद्या पडायचीच. धर्मकार्याला लागली, त्यांचंही सोनं झालं." तेव्हा कळलं. इतक्या सभा, पाहणी, त्याच झाडांच्या सावलीत खाल्लेल्या दशम्या, आणि ठरावाला अनुमोदन देणारा तोच. अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. हिराबाई गर्दीच्या कडेला उभी होती, कडेवर झेंडूच्या माळांची टोपली. ऑर्डर घेतली होती म्हणून ती माळा घेऊन आली होती. "काल आले व्हते मी," ती अण्णांना म्हणाली.

"विषय घेतला होता, हिराबाई," अण्णा म्हणाले. "शेवटी घेतला होता."

"मग?"

"सभा तहकूब झाली."

तिने टोपली खाली ठेवली आणि दरडीच्या वाटेने उतरून गेली. आता कोणाला वाटेल की मंडळ तिथेच मोडलं असेल. छे. रावसाहेबांनी तिथल्या तिथे सभा बोलावली आणि करंजवृक्षांच्या निधनाबद्दल दुखवट्याचा ठराव मांडला. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. धनराजशेटांनी टोपी काढली. तेवढ्यात वखारीतून कोरडं लाकूड आलं, चुली पुन्हा पेटल्या आणि पंगत बसली. जिलबी उत्तम झाली होती असं लोक पुढे कितीतरी दिवस सांगत होते. आई आणि मी टांग्याने घरी आलो. अण्णा उशिरा आले आणि बाहेरच्या खोलीत अंधारात बसून राहिले. त्यानंतरही सभा आमच्याच माडीवर भरायच्या, पण भजी बंद झाली. सभासद पटापट गळाले.

परवा माझ्या नातवाच्या संस्थेचा कार्यक्रम होता. पर्यावरण हा शब्द आमच्या वेळी नव्हता, आता तो पोरांच्या सदऱ्यांवर छापलेला असतो. मला व्यासपीठावर बसवलं, शाल दिली. पोरं चांगली आहेत, नदीत उतरून घाण काढतात, हात घालतात. मला ती खरंच आवडली. फक्त भाषणानंतर मी नातवाला विचारलं की तुमचा उपाध्यक्ष काय धंदा करतो. तो हसला, "आजी, तू पण ना."

मुंजीच्या त्याच वर्षी, श्रावणात, गंगेला पूर आला. मोठा नव्हता, दरसालचाच. हिराबाईने शेवंती लावून थोडेच दिवस झाले होते. दरडीचा पहिला तुकडा पडला तेव्हा तिने रोपं उपटून वर आणायला सुरुवात केली. दोन वाफे आणले आणि बाकीचा मळा तिच्या डोळ्यांसमोर पाण्यात गेला. मी दुसऱ्या दिवशी आईबरोबर गेले होते. जिथे वाफे होते तिथे गढूळ पाणी वळसे घेत होतं. हिराबाई चिखलाने भरलेली बसली होती आणि आईला म्हणाली, "वैनी, उद्यापासनं तुमाला शिळी फुलंबी न्हाईत." आई तिथेच रडायला लागली. आईला घराबाहेर रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मंडळाने या घटनेची गंभीर दखल घेतली. आपद्ग्रस्त बाईला काम द्यावं म्हणून मुंज झालेल्या पिंपळाला रोज पाणी घालण्यासाठी हिराबाईची नेमणूक झाली. तो पिंपळ माझ्या आजोबांच्या वयाचा असेल, त्याच्या मुळ्या कुठल्या कुठे गेलेल्या. पण पोटाला लागतं, म्हणून हिराबाई जायची. नदीतून घागर भरायची, दरड चढायची आणि ओतायची. आईने मला डबा देऊन पाठवलं होतं, त्या दिवशीही ती तेच करत होती. पाऊस धोधो पडत होता. रस्त्यावर टांगा थांबला होता; रावसाहेब छत्री घेऊन मंडळाच्या कामाची पाहणी करायला उतरले होते, मागे अण्णा भिजत उभे. हिराबाईने त्यांच्यासमोर घागर पिंपळाच्या मुळाशी रिकामी केली. पाणी पाण्यात मिसळून उताराने गंगेकडे निघालं.

"रोज घालतेस ना?" रावसाहेबांनी विचारलं.

"घालते की."

"चुकवू नकोस. झाडं जगली पाहिजेत, हिराबाई."

हिराबाईने पदराने तोंड पुसलं. "जगली पायजेत, सायेब. न्हाईतर फुडच्या मुंजीला जळण कुठनं आणायचं?"

अण्णांनी मान खाली घातली. रावसाहेब म्हणाले, "अगदी बरोबर," आणि टांग्यात जाऊन बसले.